पीएस नको, किलो मोजा

ॲडव्हेंचर बाईक घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला: 'किती पीएस?' हिमालयन ४५०चे ४०, एक्सपल्स २०० ४व्हीचे जेमतेम १९, संपला विषय! हा हिशेबच चुकीचा आहे. हायवेवर ओव्हरटेकला ताकद लागते, मान्य. पण अमरावती-अकोला मार्गावर २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून विक्रम झाला. तिथे स्प्लेंडरही मजेत धावते. गाडीची खरी परीक्षा मेळघाटातल्या कच्च्या रस्त्यांवर, पावसाळ्यात. चिखलात आडवी झालेली गाडी एकट्यालाच उचलावी लागते. हिमालयन १९६ किलो, एक्सपल्स १६०च्या आत. वर लाखभर रुपये वाचतात, ते पेट्रोलला. एकट्याने उचलता येत नाही ती गाडी कितीही हप्त्यांत महागच.