विश्लेषण : सर्व्हर बंद करण्यातली घाई अपग्रेडला का भोवते?

‘रात्री १२ ते पहाटे ४ सेवा बंद राहील,’ असा संदेश बँकेच्या किंवा तिकिटांच्या ॲपवरून अधूनमधून येतो. सकाळ झाली तरी ॲप उघडले नाही, की खापर नव्या आवृत्तीवर फुटते. प्रत्यक्षात घोटाळा त्याआधीच, जुना डेटाबेस बंद करताना झालेला असू शकतो.

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसचेच पाहा. त्याची मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी येते आणि प्रत्येक आवृत्तीला दुरुस्त्या मिळतात त्या पाचच वर्षे. त्यामुळे अपग्रेड कायमचे टाळता येत नाही.

बंद होताना काय घडते?

पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी रोजनाम्यात लिहितो आणि मूळ फायलींत सवडीने उतरवतो. दुकानदार कच्च्या वहीतून पक्क्या खात्यात नोंदी घेतो तसेच. ‘फास्ट’ पद्धतीने बंद केल्यास तो अर्धवट व्यवहार मागे घेतो, जोडण्या तोडतो, नोंदी पक्क्या करतो आणि मग थांबतो. ‘इमिजिएट’ पद्धतीत ही आवराआवर होतच नाही. एरवी ते खपून जाते, कारण पुन्हा सुरू होताना रोजनामा वाचून हिशेब जुळवला जातो. नव्या आवृत्तीला मात्र जुनी कच्ची वही वाचता येत नाही. म्हणून ‘पीजी-अपग्रेड’ हे साधन जुना सर्व्हर नीट बंद झाला आहे का ते तपासते आणि नसेल तर काम नाकारते.

मग चुकते कुठे?

बंद करण्याचा आदेश देणारे ‘पीजी-सीटीएल’ मूळ सेटिंगनुसार ६० सेकंद वाट पाहते आणि ‘सर्व्हर बंद होत नाही’ असे सांगून मोकळे होते. सर्व्हर मात्र आवरत असतो. चेकपॉइंट मोठा असतो किंवा मागे पडलेल्या प्रतिकृती सर्व्हरला उरलेला रोजनामा पाठवणे चालू असते. तिकडे ‘अजून किती वेळ?’ असे विचारणारे साहेबांचे फोन सुरू होतात आणि कोणीतरी ‘किल -९’ मारतो. मुख्य प्रक्रिया मरते, पण उपप्रक्रियांना निरोप पोहोचत नाही. त्या जिवंत असताना ‘पोस्टमास्टर’ची पीआयडी फाइल पुसून सर्व्हर पुन्हा सुरू करणे म्हणजे विदा खराब होण्याला आमंत्रणच.

असे झालेच, तर आधी उरलेल्या उपप्रक्रिया संपल्याची खात्री करावी. मग जुन्याच आवृत्तीने सर्व्हर सुरू करावा, त्याला सावरू द्यावे आणि ‘फास्ट’ने बंद करावे. त्याआधी ॲपच्या जोडण्या थांबवून हाताने चेकपॉइंट घेतला, तर बंद व्हायला कमी वेळ लागतो.

अपग्रेडच्या आराखड्यात ‘सर्व्हर बंद करणे’ ही एक ओळ असते आणि तिच्यापुढे ‘५ मिनिटे’ लिहिलेले असते. माझ्या मते हा आकडा खऱ्या आकाराच्या विद्यावर रंगीत तालीम करूनच लिहावा. ‘किल -९’चा निर्णयही रात्री अडीच वाजता एकट्या कनिष्ठ अभियंत्यावर सोडू नये. ग्राहकांना पहाटे ४ ऐवजी ६ ची वेळ दिली, तर त्या अभियंत्याला दोन तास जास्त मिळतात.