विश्लेषण : ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कोणी बुडवला?

नोव्हेंबर १९९१ मधली एक क्लिप दर काही महिन्यांनी मोबाइलवर पुन्हा फिरू लागते. ‘निर्वाणा’ या अमेरिकी बँडचा कर्ट कोबेन मुद्दाम खर्जात, कंटाळल्यासारखा गातो आहे. गिटारवर त्याचा हात नुसताच हलतो आहे, वाजवण्याचे नाटकही धड नाही. तरी वाद्ये मात्र व्यवस्थित ऐकू येत आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा तांत्रिक घोळ वाटतो. प्रत्यक्षात ती बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमाची टिंगल होती. वाद्ये ध्वनिमुद्रित असली तरी चालेल, पण गायकाने प्रत्यक्ष गायलाच हवे, असा नियम कार्यक्रमाने त्याच वर्षी केला होता. निर्वाणाने तो अक्षरशः पाळला.

अशा क्लिप आणि बीबीसी फोर वाहिनीवरचे जुन्या भागांचे पुनःप्रक्षेपण यांमुळे नव्वदच्या दशकातल्या या कार्यक्रमाची आठवण सतत निघते. सूर ठरलेला असतो. तेव्हा लोकांची आवड मोजली जायची, आता अल्गोरिदम गाणी माथी मारतो. इंटरनेट आले आणि सगळे संपले. यातला शेवटचा भाग तर कालक्रमातच बसत नाही. यूट्यूब २००५ चे. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ची घसरण त्याच्या कितीतरी आधीची. हा कार्यक्रम ज्या यादीवर उभा होता ती कशी हलवायची, हे संगीत कंपन्यांना कळले होते. त्यानंतर त्यात पाहण्यासारखे फारसे उरले नाही.

कार्यक्रम नेमका काय होता?

१ जानेवारी १९६४ रोजी मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेल्या स्टुडिओतून पहिला भाग प्रसारित झाला. बेत सहाच भागांचा होता. कार्यक्रम ४२ वर्षे चालला. पहिल्या भागाचा निवेदक जिमी सॅव्हिल होता. त्याने अनेक दशके केलेले लैंगिक अत्याचार त्याच्या मृत्यूनंतर, २०१२ मध्ये उघड झाले आणि त्याचे भाग पुनःप्रक्षेपणातून वगळले गेले. जुन्या दिवसांचे गोडवे गाताना ही गोष्ट सहसा गाळली जाते.

रचना अगदी साधी. आठवड्याच्या विक्रीवर ठरलेल्या यादीतली काही गाणी, स्टुडिओत नाचणारी तरुण मुले-मुली, आणि सर्वात शेवटी पहिल्या क्रमांकाचे गाणे. दोन नियम महत्त्वाचे. यादीत खाली घसरलेले गाणे दाखवायचे नाही; आणि पहिला क्रमांक सोडला तर कोणतेही गाणे लागोपाठ दोन आठवडे घ्यायचे नाही. निर्माते बदलले तसे हे नियम सैल किंवा घट्ट होत गेले, पण गाभा हाच राहिला.

दूरदर्शनवरचे ‘छायागीत’ किंवा ‘चित्रहार’ आठवले तर फरक लक्षात येईल. तिथे गाणी कार्यालयात बसून कोणीतरी निवडायचे. इथे निवड दुकानाच्या गल्ल्यावर आधीच झालेली असायची, निर्मात्याला फारसा वाव नसे. १९९३ च्या नाताळात ‘मिस्टर ब्लॉबी’ हे गुलाबी अंगाचे, पिवळ्या ठिपक्यांचे टीव्हीवरचे विनोदी पात्र पहिल्या क्रमांकावर होते. संगीत म्हणून त्या गाण्याची बाजू घेणे अवघड आहे. पण लोकांनी पैसे मोजून ते विकत घेतले होते, म्हणजे ते दाखवणे भाग. मुलांच्या गाण्याला आईवडिलांनी नाक मुरडायचे आणि आईवडिलांच्या गाण्याला मुलांनी, हा त्या अर्ध्या तासाचा खरा करमणुकीचा भाग होता. १९७९ मध्ये आयटीव्ही ही स्पर्धक वाहिनी संपामुळे बंद असताना प्रेक्षकसंख्या १ कोटी ९० लाखांवर गेली होती.

यादी कशी तयार व्हायची?

ब्रिटनमधली पहिली यादी नोव्हेंबर १९५२ मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकात आली. त्या साप्ताहिकाच्या पर्सी डिकिन्स यांनी सुमारे वीस दुकानांना फोन केले, काय जास्त खपले ते विचारले आणि बेरीज केली. (रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली तीही त्याच वर्षी, डिसेंबरमध्ये.) १९६९ पासून निवडक दुकानांत वह्या ठेवण्यात आल्या. विकलेली प्रत्येक रेकॉर्ड दुकानदाराने वहीत नोंदवायची आणि आठवड्याअखेरीस वही पाठवून द्यायची. अशा वहीत एखादी ओळ जास्त लिहायला काय लागते? वशिला आणि भेटवस्तू यांची चर्चा तेव्हा सतत असे. १९८३ मध्ये गॅलप या संस्थेने दुकानांत इलेक्ट्रॉनिक यंत्रे बसवली. १९९४ पासून हे काम मिलवर्ड ब्राऊनकडे गेले. म्हणजे नव्वदच्या दशकात ही यादी पूर्वी कधी नव्हती इतकी अचूक झाली होती.

फक्त प्रश्न हा, की अचूक कोणाची? जी दुकाने मोजली जात होती, त्यांची. साउथहॉल, बर्मिंगहॅम, लेस्टर इथे ऐंशीच्या दशकात भांगड्याच्या कॅसेट किराणा, मिठाई आणि साड्यांच्या दुकानांतून धडाधड खपत. त्या दुकानांत यादीची यंत्रे नव्हती. त्यामुळे लग्नांच्या हॉलमध्ये तुफान गर्दी खेचणारे बँड राष्ट्रीय यादीच्या लेखी अस्तित्वातच नव्हते, आणि यादीत नाही म्हणून ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्येही नाहीत. बॅली सागूचे ‘दिल चीज’ १९९६ मध्ये पहिल्या वीसमध्ये पोहोचले. ‘उमराव जान’मध्ये आशा भोसले यांनी गायलेल्या गझलेवर ते बेतलेले होते. सागूच्या पाठीशी सोनी होती, आणि सोनीची सीडी मोठ्या बाजारपेठेतल्या, मोजणी होणाऱ्या दुकानांत जात होती. तेवढा एक फरक.

यानंतर दोनच वर्षांत यादीच्या टोकावर आशाबाईंचे नावच आले. तजिंदर सिंगच्या ‘कॉर्नरशॉप’ या बँडचे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणे सांगलीत जन्मलेल्या या गायिकेला आणि एकूणच हिंदी पार्श्वसंगीताला केलेला सलाम आहे. बँडचे नावही खोचक. आशियाई माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, या ब्रिटिश समजुतीवरून ते घेतलेले. ज्या दुकानांतल्या कॅसेट यादीने कधी मोजल्या नाहीत, त्यांचेच नाव पाटीवर लावून हा बँड पहिल्या क्रमांकावर गेला. १९९७ मध्ये हे गाणे ६० व्या क्रमांकापर्यंतच पोहोचले होते. मग नॉर्मन कुक ऊर्फ फॅटबॉय स्लिम याने त्याचा वेग वाढवून रीमिक्स केला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते थेट पहिल्या क्रमांकावर उतरले.

ते तिथे टिकले फक्त एक आठवडा. त्याच्या आधीच्या आठवड्यात सेलीन डिऑनचे ‘टायटॅनिक’मधले गाणे पहिले होते. नंतरच्या आठवड्यात मॅडोना आली. त्यानंतर पुन्हा ‘टायटॅनिक’. चार आठवडे, चार वेळा खांदेपालट.

मग बिघडले कुठे?

हा खांदेपालट अपवाद नव्हता, त्या दशकाचा कल होता. १९९२ मध्ये वर्षभरात बारा-तेरा गाणीच पहिल्या क्रमांकावर पोहोचली. २००० मध्ये ती संख्या चाळीसच्या पुढे गेली. म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला नवा राजा.

लोक अचानक चंचल झाले, असे नव्हे. युक्ती कंपन्यांची होती. गाणे रेडिओला पाच-सहा आठवडे आधी द्यायचे, दुकानात मात्र येऊ द्यायचे नाही. मागणी साठत जाते. मग सिंगल म्हणजे एका गाण्याची सीडी सवलतीत बाजारात आणायची. साठलेली सगळी खरेदी एकाच आठवड्यात पडते, गाणे थेट वरच्या क्रमांकावर उतरते आणि पुढच्या आठवड्यात घसरते, कारण ज्यांना घ्यायचे होते त्यांनी घेऊन झालेले असते. आठवड्याच्या मध्यावर विक्रीचे हंगामी आकडे कंपन्यांना मिळत. जोर कुठे लावायचा ते त्यावरून ठरे. धरण भरून घेऊन सगळे दरवाजे एकदम उघडण्यासारखाच हा प्रकार.

ऑगस्ट १९९५ मधली ब्लर विरुद्ध ओएसिस ही लढत आजही ‘ब्रिटपॉप’चा सुवर्णक्षण म्हणून सांगितली जाते. दोन्ही बँडनी एकाच दिवशी सिंगल काढले आणि निकालाची बातमी झाली. ब्लरच्या २ लाख ७४ हजार प्रती खपल्या, ओएसिसच्या २ लाख १६ हजार. पण ब्लरचे गाणे दोन वेगवेगळ्या सीडींवर होते आणि प्रत्येकीवर सोबतची गाणी निराळी. कट्टर चाहत्याने दोन्ही घेतल्या की आवड एक आणि मोजणी दोनदा. हे नियमबाह्य नव्हते. एका सिंगलचे किती प्रकार काढता येतील यावर मर्यादा होती, आणि त्या मर्यादेच्या आत सगळेच हे करत होते.

जुनी संथ यादी आदर्श होती असेही नाही. १९९१ मध्ये ब्रायन अॅडम्सचे एकच गाणे सलग १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर बसले होते. जवळपास चार महिने प्रत्येक भागाचा शेवट तोच! इतका कंटाळा कोणाला हवा असेल?

तरीही यादीत चढत जाणाऱ्या गाण्याने एक काम केले होते. एखादे गाणे तिसाव्या क्रमांकावर भेटायचे, दोन-तीन आठवड्यांनी बाराव्यावर, मग पाचव्यावर. प्रेक्षक त्याच्या बाजूने किंवा विरोधात उभा राहायचा. स्पाइस गर्ल्सचे ‘वॉनाबी’ १९९६ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर आले, दुसऱ्या आठवड्यात पहिले झाले आणि सात आठवडे राहिले. तीन वर्षांनी वेस्टलाइफची वेळ आली तेव्हा त्यांची पहिली सातही सिंगल्स थेट पहिल्या क्रमांकावर उतरली. यात ‘आता काय होणार’ हा प्रश्नच नाही.

आता मूळ नियम याच्याशी जोडून पाहा. घसरलेले गाणे दाखवायचे नाही, आणि इथे तर बहुतेक गाणी दुसऱ्या आठवड्यातच घसरतात. मग गाणे दाखवायला मिळणार एकदाच. तेही अशा वेळी, की तरुण मुले रेडिओवर महिनाभर ऐकून कंटाळली आहेत आणि घरातल्या मोठ्यांनी ते ऐकलेलेच नाही. नियम मोडून गाणे बाजारात येण्याआधीच दाखवले, तर यादीचा कार्यक्रम कसला? निर्मात्यांनी दोन्ही वाटा चोखाळल्या. दोन्हीकडून भिंतच होती.

बीबीसीनेही हातभार लावला. जून १९९६ मध्ये गुरुवारची जुनी वेळ सोडून कार्यक्रम शुक्रवारी नेला, तोही ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ या तुफान लोकप्रिय मालिकेसमोर. एमटीव्हीसारख्या वाहिन्या होत्याच. २००३ मध्ये नवे रूप देऊन पाहिले, २००५ मध्ये बीबीसी टूवर हलवले. ३० जुलै २००६ रोजी शेवटचा साप्ताहिक भाग झाला, तेव्हा प्रेक्षक दहा लाखांच्या आसपास उरले होते.

आपल्याकडे असे का झाले नाही?

कारण आपल्याकडे सिंगल नव्हतेच. कॅसेट अख्ख्या चित्रपटाची मिळायची. त्यातले कोणते गाणे ऐकण्यासाठी ती घेतली, हे विक्रीच्या आकड्यावरून कळणार कसे? ‘सुपरहिट मुकाबला’ किंवा ‘फिलिप्स टॉप टेन’ पाहताना अमुक गाणे तिसरे आणि तमुक सातवे का, असा हिशेब घराघरांत कोणी मागितला नाही. त्या कार्यक्रमांवर प्रेम करायला हरकत नाही. पण ‘तेव्हा जनता ठरवायची’ हे विधान त्यांच्याबाबत फारच ढिले आहे.

आज काय स्थिती?

ब्रिटनच्या यादीत २०१४ पासून स्ट्रीमिंग मोजले जाते. मार्च २०१७ मध्ये एड शीरनचा अल्बम आला आणि पहिल्या वीसपैकी १६ जागा त्याच्या एकट्याच्या गाण्यांनी भरल्या. त्याच वर्षी नियम बदलला. एका मुख्य कलाकाराची जास्तीत जास्त तीनच गाणी यादीत. हा नियम बरोबर की चूक यावर वाद घालता येतो. वाद घालता येतो, कारण नियम लिहिलेला आहे आणि सगळ्यांना वाचता येतो.

भारतातला गाजलेला प्रसंग जुलै २०१९ चा. रॅपर बादशाहच्या ‘पागल’ या गाण्याला २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचे सांगितले गेले. तो जागतिक विक्रम ठरला असता. यूट्यूबने तो जाहीर केला नाही. आकड्यांत जाहिरातीतून आलेल्या व्ह्यूजचा वाटा होता, आणि त्या वेळच्या नियमांत त्याला बंदी नव्हती. सप्टेंबरमध्ये यूट्यूबने नियम बदलला आणि संगीताच्या याद्या व २४ तासांचे विक्रम यांतून जाहिरातीचे व्ह्यूज वगळले. ब्लरच्या दोन सीडी आणि जाहिरातीचे व्ह्यूज यांत तत्त्वाचा फरक फारसा नाही. मोजपट्टी काय मोजते हे ओळखून तेवढेच वाढवायचे.

जुलै २०२५ मध्ये यूट्यूबने ‘ट्रेंडिंग’ हे पानही बंद केले. आता विषयवार याद्या आहेत आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर उघडणारे त्याचे-त्याचे होम पेज आहे, ज्याचा नियम कोणाला वाचायला मिळत नाही. आणि साउथहॉलच्या साड्यांच्या दुकानाचा प्रश्न अजून तसाच आहे. जालना किंवा सोलापूरच्या वरातीत डीजेने लावलेले गाणे पाचशे माणसे नाचत ऐकतात. यूट्यूबवरून लावले तर ते एकदा मोजले जाते. पेनड्राइव्हवरून लावले तर तेही नाही.