पेट-सीटी तपासणी : भीती नको, तयारी हवी

पेणच्या रामवाडी स्थानकावरून पहाटेची मुंबईची गाडी धरणाऱ्यांत खरेदीला निघालेले व्यापारी असतात, तसे तपासण्यांची फाइल छातीशी धरलेले रुग्णही असतात. चिठ्ठीवर 'पेट-सीटी' हा शब्द दिसला की घर हबकते. बाजारात बोभाटा नको म्हणून आजार लपविला जातो; कधी तर खुद्द रुग्णालाच काही सांगितले जात नाही. वास्तविक या तपासणीत रुग्णाचे सहकार्य हाच अर्धा भाग असतो.

परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 साली देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन बसविण्यात आले व ही तपासणी भारतात रुजली. तिचे तत्त्व सोपे आहे. ग्लुकोजसारख्या द्रव्याला किरणोत्सारी फ्लोरीन जोडून ते शिरेतून देतात. कर्करोगाच्या बहुतेक पेशी साखर अधिक ओढतात, म्हणून त्या चित्रात उजळतात. या फ्लोरीनची शक्ती दर 110 मिनिटांनी निम्मी होते. चक्रवाढ व्याजाचे हे उलटे गणित आहे : अकरा तासांत रुपयाचा जेमतेम दीड पैसा उरतो. म्हणूनच दिलेली वेळ चुकविणे महागात पडते. औषध कोणासाठी थांबत नाही. महामार्गावरील वाहतूक धरूनच घर सोडावे.

तपासणीपूर्वी चार ते सहा तास उपाशी राहावे लागते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबांना सकाळची वेळ सोयीची. मात्र साधे पाणी वर्ज्य नसते, उलट ते हवेच असते. चौविहाराचा नियम असणाऱ्यांनी तिविहाराविषयी साधू-साध्वीजींना आधीच विचारावे. आयंबिलाची ओळी किंवा अन्य तप चालू असल्यास केंद्रालाही कळवावे, कारण आदल्या दिवशी साखर, गोड पदार्थ व पिष्टमय अन्न कमी ठेवण्यास सांगतात. जड काम व व्यायामही टाळावा.

मधुमेह मुळीच लपवू नये. रक्तातील साखर साधारण 200 च्या वर असल्यास तपासणी बहुधा पुढे ढकलतात. गोळ्या व इन्सुलिन यांची वेळ डॉक्टरांनीच ठरवावी, स्वतःच्या मनाने काही बंद करू नये. पूर्वीचा क्षयरोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, केमोथेरपीच्या तारखा, गर्भारपण किंवा स्तनपान हे सारे आधी सांगावे आणि जुने अहवाल सोबत न्यावेत.

सुई दिल्यावर सुमारे तासभर उबदार पांघरूण घेऊन स्वस्थ पडायचे असते. बोलणे, मोबाइल, सुपारी चघळणे नको, कारण राबणारे स्नायूही साखर ओढतात. नवकाराचा जप ओठ न हलविता मनात करावा. प्रत्यक्ष चित्रणास अर्धा तास पुरतो.

घरी परतल्यावर भरपूर पाणी प्यावे व वारंवार लघवीस जावे. आजोबांच्या मांडीवर झेपावणाऱ्या नातवंडांना, तसेच गर्भवती सुनेला त्या दिवसापुरते दूर ठेवावे.

अहवालातील प्रत्येक उजळ ठिपका कर्करोग नसतो. मेंदू व मूत्राशय एरवीही उजळतात. क्षय, पू, भरत असलेली जखम हेही चमकतात. खात्रीसाठी पुष्कळदा तुकड्याची तपासणी लागते. खतावणीतील एकच ओळ वाचून पेढीचा ताळेबंद मांडता येत नाही, तसेच हे आहे. निदान डॉक्टरांवर सोपवावे, आणि रुग्णापासून त्याचाच आजार लपवू नये.