आकडा चौऱ्याण्णवचा

नाना मुंबई महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. पण घरात काहीही अडलं की त्यांचा प्रश्न अजून तोच असतो, "तोंडाशी किती येतंय?" मोटार पाणी खेचेना, शेगडी मंद पेटली, गाईने दूध कमी दिलं, सगळ्याला हाच प्रश्न. महिन्याभरापूर्वी त्यांनी तो वायफायला विचारला.

आमचं आटगावचं घर लांबट आहे. पुढे ओटा आणि जुनं कौलारू घर, त्याच्या भिंती हातभर जाड. मधे माजघर आणि स्वयंपाकघर. मागे थोडं अंगण सोडून पत्र्याची खोली. तिथे पूर्वी भाताची पोती असायची, आता पुतण्याचं ऑफिस आहे. त्याची कंपनी ठाण्याला. तीन दिवस लोकल, दोन दिवस घरून काम. कसाऱ्याच्या दोन गाड्यांमधलं अंतर ज्याने फलाटावर उभं राहून मोजलंय, त्याला या दोन दिवसांची किंमत मी सांगायला नको.

म्हणून घरात फायबर आलं. त्याचा डबा ओट्यालगतच्या खोलीत बसला आणि मागपर्यंत रेंज पोचेना म्हणून पुतण्याने मेश आणलं. मेश म्हणजे उपड्या वाट्यांसारखे पांढरे डबे. पहिला फायबरच्या डब्याला तारेने जोडायचा, बाकीचे घरात पेरायचे आणि त्यांनी हवेतून एकमेकांना नेट पोचवायचं. पुतण्याने आधी दोन डबे लावले. मागच्या खोलीत वेग कमीच, म्हणून तिसरा मागवला. तिसरा आला आणि वेग आणखी उतरला. प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि पत्र्याच्या खोलीत हाती येतात ६. व्हिडिओ कॉलवर साहेबांचं तोंड उघडं राहायचं आणि वाक्य मागाहून यायचं.

आता तक्रार कुठे करायची, तर कंपनीकडे. फोनवरच्या मुलीने डबा बंद करून चालू करायला सांगितलं. केला. परत सांगितलं. परत केला. शेवटी फायबरवाला पोरगा आला. त्याने खिशातून छोटं यंत्र काढलं, केसाएवढ्या काचेच्या तारेचं टोक पुसून त्यात खुपसलं आणि म्हणाला, "लाइट उणे एकवीस आहे काकू, झकास. तुमच्या घरातच काहीतरी आहे." हा उणे आकडा तारेतून येणाऱ्या उजेडाचा असतो. तो जितका खाली जाईल तितका उजेड कमी. उणे सत्तावीसच्या आसपास गेला की डबा चाचपडू लागतो आणि उजेड पुरता तुटला की लाल दिवा लागतो. आमचा दिवा हिरवा होता. पोरगा चहा पिऊन गेला. मला त्याचा राग आला होता, पण खरं तेच तो बोलला होता.

नाना आले ते त्या संध्याकाळी. चुलतसासरे माझे. त्यांची सारी नोकरी तानसाच्या पाइपलाइनवर झाली. आटगावहून जो रस्ता तानसाला जातो त्याच्या टोकाला ते दगडी धरण आहे, १८९२ साली पुरं झालेलं. तिथून निघालेले नळ झाडीतून, शेतांतून थेट मुंबई गाठतात. नाना त्या नळांच्या बाजूने चालायचे. लोखंडी सळईचं एक टोक नळावर आणि दुसरं कानाच्या पाळीमागच्या हाडाला लावून ऐकायचे. चांगला नळ घुमतो, गळका नळ फुसफुसतो, असं ते सांगतात. आमच्या शहापूर तालुक्यात भातसाही आहे, तानसाही आहे आणि चैत-वैशाखात पाड्यांवर टँकरही आहेत. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण आमच्याकडे कोणी शाळेत शिकत नाही. तर असा हा जन्मभर दुसऱ्यांचं पाणी राखलेला माणूस माझ्या वायफायपुढे मांडी घालून बसला.

"मागच्या खोलीत बोंब मारून काय उपयोग," ते पुतण्याला म्हणाले. "तोंडाशी माप."

पुतण्याने लॅपटॉप पुढच्या खोलीत आणला आणि हवा मधून वगळून पहिल्या डब्यालाच तारेने जोडला. आकडा आला ९४. २०० मधले ९४. म्हणजे निम्मं तर दारातच गायब. पुतण्या लगेच कंपनीला फोन लावायला निघाला. नानांनी त्याला हाताने थांबवलं. "परत माप." ९४. "अजून एकदा." ९३.९. रात्री जेवण झाल्यावर पुन्हा मापायला लावलं, सकाळी दूध घालायला आले तेव्हा पुन्हा. ९४, ९४.

नानांना एमबीपीएस म्हणजे काय हे आजही विचारू नका. पण ते म्हणाले, "वरून पाणी कमी असलं तर ते कमी-जास्त येतं. पहाटे जास्त, लोक उठले की कमी. हे रात्रंदिवस एकसारखं येतंय. म्हणजे वर पाणी हाय. मधे कुठंतरी चावी अर्धी बंद हाय."

पुतण्या इंजिनिअर आहे. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि मग कपाळावर हात मारून फायबरच्या डब्यामागे वाकला. फायबरचा डबा आणि मेशचा पहिला डबा यांच्यामधे एक साधी निळी तार होती, कुठल्याशा जुन्या खोक्यातून निघालेली. ती दाराच्या चौकटीवरून नेली होती आणि बिजागरीपाशी चेपली होती. या तारेच्या पोटात आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. हजार एमबीपीएसचा वेग हवा तर चारही जोड्या लागतात. शंभराला दोन पुरतात. उरलेल्या दोनांपैकी एखादी जोडी तुटली की दोन्ही डबे आपसात गुपचूप ठरवून टाकतात की चला, शंभरावर भागवू. लाल दिवा लागत नाही, सूचना येत नाही, कुणाला काही कळत नाही. त्या शंभरातलेही थोडे मालाच्या पॅकिंगला आणि पत्ते लिहिण्याला जातात. उरतात ९४. म्हणजे हा ९४ वेग नव्हता, त्या चेपलेल्या तारेची सही होती. ज्यांचा प्लॅन शंभराच्या वर आहे आणि हातात कायम नव्वद-पंचाण्णव येतात त्यांनी फोन लावायच्या आधी ती मधली तार बदलून बघावी. आम्ही शहापूरहून नवी आणली आणि पहिल्याच मापात १९१ आले. नाना काही बोलले नाहीत, फक्त तंबाखू मळली.

इथे गोष्ट संपली असती तर मी नानांचं देऊळ बांधलं असतं. पण मागच्या खोलीत आता ६ चे ११ झाले होते, एवढंच.

आणि इथून पुढे नानांचं पाणी कामाला आलं नाही. त्यांच्या हिशेबाने एक टाकी भरली की ती दुसरीला भरेल, दुसरी तिसरीला, वाटेत गळती नसेल तर सगळं पोचेल. हवेत तसं होत नाही. आमच्यासारख्या स्वस्तातल्या मेशचा मधला डबा एकाच पट्ट्यावर पुढच्याचं ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर मागच्याला सांगतो. ऐकत असताना बोलता येत नाही, बोलत असताना ऐकता येत नाही. त्यामुळे प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. लग्नघरात आजी कमी ऐकतात म्हणून मधे कोणाला तरी बसवतो, भटजी बोलले की तो आजींच्या कानात बोलतो, तसंच हे. विधी तोच, वेळ दुप्पट. त्यात आम्ही तिसरा डबा आणून आजींच्या पलीकडे आणखी एक आजी बसवली होती. जाहिरातीत या डब्यांचं घर नेहमी काचेचं आणि पांढऱ्या पडद्यांचं असतं. हातभर जाडीच्या भिंती आणि त्यामागे पत्र्याची खोली असलेल्या घराची जाहिरात मी अजून पाहिलेली नाही.

शिवाय डबे ठेवले होते कुठे? जिथे रेंज नाही तिथे. हे सगळेच करतात. दिवा अंधारात ठेवायचा असतो ना, तसं. पण हा डबा दिवा नव्हे, आधी त्याला स्वतःला उजेड मिळाला पाहिजे. माजघरातला आमचा डबा फ्रिजवर होता, बाजूला लोखंडी कपाट, आणि हात लावला तर चटका बसेल इतका तापलेला. मागचा तर पत्र्याच्या आत, पाण्याच्या टाकीला टेकून. लोखंड या लहरी परतवतं आणि पाणी त्या पितं.

लहरींचंही दोन भावांसारखं आहे. २.४ गिगाहर्ट्झवाली लांब लहर भिंतीतून कशीबशी पलीकडे जाते पण माल थोडा नेते. ५ गिगाहर्ट्झवाली भरपूर नेते आणि जाड भिंत दिसली की तिथेच बसते. हा पेच फक्त आमच्या माजघराचा नाही. पलीकडे पालघरला (२०१४ पर्यंत तोही आमचाच ठाणे जिल्हा) आयआयटी मुंबईच्या लोकांनी हाच पेच गावांच्या मापाने सोडवायला घेतला होता. प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'ग्राममार्ग' प्रकल्प. सरकारने २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली. आज तिला भारतनेट म्हणतात. पण ग्रामपंचायत एका जागी आणि पाडे डोंगराच्या चार बाजूंना, तर मधलं अंतर कसं कापायचं? आयआयटीच्या लोकांनी पालघरमधल्या खामलोलीच्या परिसरात दूरदर्शनच्या पट्ट्यातल्या रिकाम्या जागा वापरून पाहिल्या, ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या. आपल्या देशात या पट्ट्याचा बहुतेक भाग मोकळाच पडलेला असतो आणि ही लांब लहर झाडीतून जाते. नंतर पालघरमधल्या २५ गावांत त्यांनी परवाना न लागणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झवर खांबा-खांबांवरून नेट पुढे नेलं. ही लहर झाडाच्या पानाला अडते, म्हणून खांब उंच हवेत आणि एका अँटेनाला दुसरी दिसली पाहिजे. २०१७ साली या कामाला मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, सव्वा लाख डॉलरचं.

पुतण्याने हे सगळं मला सांगितलं ते माझ्याकडून शिडी धरवून घेताना. कारण त्यातली एक गोष्ट आमच्या घरात जशीच्या तशी लागू होती, एकाला दुसरा दिसला पाहिजे. त्याने माजघरातला डबा फ्रिजवरून काढून स्वयंपाकघराच्या अंगणाकडच्या खिडकीत ठेवला. मागचा टाकीपासून सोडवून समोरच्या खिडकीत आणला. आता दोन्ही डबे अंगणावरून एकमेकांकडे बघत होते, मधे फक्त तुळस. मागच्या खोलीत ४८ आले.

मग एक लाजिरवाणा शोध लागला. फायबरच्या मूळ डब्याला स्वतःचं वायफाय असतं, ते आम्ही कधी बंदच केलं नव्हतं. म्हणजे एकाच खोलीत दोन जण एकाच सुरात ओरडत होते. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमचे दोघेही ६ वर. मूळ डब्याचं वायफाय बंद केलं. माझा फोनही इतके दिवस त्याच्याशीच जुनी ओळख धरून होता. स्वयंपाकघरात डब्यापासून दोन हातांवर उभी राहूनही मी नेट ओट्यावरून घेत होते!

४८ वर मी समाधानी होते. नाना नव्हते. त्यांना हवेतून काही नेणं मुळात पटलंच नव्हतं. "तार टाक ना सरळ," ते म्हणाले, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीपासून हेच उत्तर होतं. मेश बसवणारी जाणती माणसंही हेच सांगतात की डबे हवेने जोडणं ही सोय आहे आणि तारेने जोडणं हे काम आहे. घराच्या बाजूच्या बोळातून नळीत घालून बाहेरची जाड काळी तार ओट्यापासून पत्र्याच्या खोलीपर्यंत नेली. नळीला जमिनीकडे उतार आणि भिंतीत शिरण्याआधी खाली एक वळसा दिला, म्हणजे शहापूरच्या पावसाचं पाणी तारेवरून ओघळत डब्यात न शिरता वळशावरून खाली ठिबकेल. हा वळसा नानांचा. दोन तास त्यांनी पुतण्याला राबवलं आणि स्वतः खुर्चीवर बसून चुका काढल्या. मागच्या खोलीत आता १७० च्या पुढे येतात. मधला डबा काढून परत खोक्यात घातलाय. तो परत घेणारं कोणी असेल तर कळवा.

लाइट गेली की मात्र मागे सगळं ठप्प. ओट्यालगतच्या दोन्ही डब्यांना छोटी बॅटरी आहे, मागच्याला नाही. मग पुतण्या लॅपटॉप घेऊन अंगण ओलांडून पुढे धावत येतो आणि साहेबांना सांगतो, "सर, जरा नेटवर्क इश्यू आहे."

ती बिजागरीत चेपलेली निळी तार मी केरात टाकली होती. परवा पाहते तर ती दुधीच्या मांडवावर, वेलाला आधार म्हणून बांधलेली. नानांनीच बांधली होती. म्हणाले, "चार तारा धड हायत अजून. दुधी पेलतील."