रक्षकांना जाब कोणी विचारायचा?

१८ एप्रिल २०१४. त्या दिवशी गुड फ्रायडे होता. चर्चमध्ये आपण क्रुसाच्या वाटेची भक्ती करीत होतो. त्याच दिवशी मुंबईत, लोहमार्ग पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या पंचवीस वर्षांच्या एका तरुणाचा मृत्यू झाला. चोरीच्या संशयावरून त्याला आणखी तिघांसह पकडण्यात आले होते. पळून जाताना तो रेल्वेगाडीखाली सापडला, असे पोलिसांचे म्हणणे होते. कोठडीत अमानुष मारहाण झाली, असा कुटुंबीयांचा आरोप होता. त्याच्या वडिलांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, तपास सीबीआयकडे गेला आणि पुढे पोलिसांवर आरोपपत्र दाखल झाले.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणी येथे संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर उसळलेल्या प्रकरणात अटक झालेला, कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण कोठडीत मरण पावला. तेथेही गुन्हा नोंदविला जावा म्हणून त्याच्या आईला न्यायालयात जावे लागले. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला.

या दोन घटनांमध्ये दशकाहून अधिक काळ लोटला. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील, ते आमचे काम नव्हे. आमचा प्रश्न वेगळा आहे. पोलिसांविरुद्ध तक्रार असलेल्या प्रत्येक सामान्य माणसाने उच्च न्यायालयापर्यंत जायचे काय? ज्या ठाण्याविरुद्ध गाऱ्हाणे आहे, त्याच ठाण्याच्या अंमलदारापुढे जाऊन त्याने ते मांडायचे काय? पोलिसांच्या कामावर समाजाची देखरेख असावी, यासाठी आपल्याकडे काही व्यवस्था आहे की नाही?

व्यवस्था आहे. मात्र ती फार थोड्यांना ठाऊक आहे.

एका निकालाची वाटचाल

आपल्या पोलीस दलाचा मूळ साचा १८६१ च्या पोलीस कायद्याने घडविला. १८५७ च्या उठावानंतर परक्या सरकारने आपले राज्य टिकविण्यासाठी तो केला होता. प्रजेला धाकात ठेवणे आणि सरकारला उत्तरदायी राहणे, हा त्याचा गाभा होता. स्वातंत्र्य आले, पण तो स्वभाव गेला नाही. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले. ते बहुतांशी कपाटातच राहिले. अखेर १९९६ साली प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी इतरांसह सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. म्हणजे सुधारणेची मागणी घेऊन जो न्यायालयात गेला, तो स्वतः पोलीसच होता. याच याचिकेच्या ओघात १९९८ साली जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष ज्युलिओ रिबेरो होते. मुंबईचे पोलीस आयुक्त म्हणून गाजलेल्या या कॅथलिक अधिकाऱ्याचे नाव आपल्या वाचकांना नवे नाही.

२२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यांतील एक आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. प्रत्येक राज्यात राज्यस्तरावर आणि जिल्हास्तरावर पोलीस तक्रार प्राधिकरण असावे. राज्यस्तरावर उच्च अथवा सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि जिल्हास्तरावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असावेत. त्यात नागरी समाजातील व्यक्तींना स्थान असावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या प्राधिकरणाची शिफारस सरकारवर बंधनकारक असावी.

महाराष्ट्रात काय झाले?

महाराष्ट्राने या निर्देशाला कायद्याचे रूप देण्यास आठ वर्षे घेतली. २०१४ साली महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती झाली आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद आली. प्रत्यक्ष काम सुरू होण्यास आणखी काही काळ गेला. तरीही कायद्याने दिलेले अधिकार क्षुल्लक नाहीत. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार अथवा त्याचा प्रयत्न, कार्यपद्धती डावलून केलेली अटक वा स्थानबद्धता, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे, अधिकाराचा गंभीर गैरवापर, अशा बाबींची चौकशी हे प्राधिकरण करू शकते. तक्रार पीडित व्यक्तीच करू शकते असे नाही. तिच्या कुटुंबातील कोणी किंवा अन्य कोणतीही व्यक्ती ती करू शकते. प्राधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. साक्षीदारांना बोलावण्याचे व कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला आहेत.

मग उणे कोठे आहे? आमच्या मते तीन ठिकाणी.

पहिले उणे अंतराचे. न्यायालयाने जिल्हास्तर सांगितला होता. आपल्या कायद्याने महसुली विभागाचा स्तर स्वीकारला. कोकण विभागात मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सात जिल्हे येतात. डहाणूच्या पाड्यावरील आदिवासी बांधवाला आणि सावंतवाडीच्या मच्छीमार भगिनीला एकाच दाराशी यावे लागणार. मजुरी बुडवून, गाडीभाडे खर्चून किती जण येतील?

दुसरे उणे स्वायत्ततेचे. प्राधिकरणाच्या रचनेत निवृत्त न्यायाधीश आहेत, नागरी समाजाचा प्रतिनिधी आहे. त्याचबरोबर सेवेत असलेला वरिष्ठ पोलीस अधिकारी सदस्य-सचिव म्हणून आहे. हा अधिकारी सचोटीचा असेलही. परंतु तक्रारदाराच्या मनात शंका राहते आणि न्यायाच्या कामात ही शंकाच घातक असते.

तिसरे उणे बंधनाचे. न्यायालयाने शिफारस बंधनकारक मानली होती. आपल्या कायद्याने मात्र अपवादात्मक प्रसंगी, कारणे नमूद करून, अहवाल नाकारण्याची मुभा सरकारला ठेवली. ज्या घरात कडी आतून लावण्याची सोय आहे, त्या घराचे दार उघडे आहे असे कसे म्हणावे?

सहकार्य वेगळे, देखरेख वेगळी

यावर काही वाचक म्हणतील, आपल्याकडे शांतता समित्या आहेत, मोहल्ला समित्या आहेत, तेवढे पुरे नाही काय? या समित्यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभारल्या. पोलीस आणि दोन्ही समाजांतील सामान्य माणसे नियमित एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समितीची चळवळ उभी राहिली आणि तिला रिबेरो यांच्यासारख्यांचे बळ लाभले.

पण शांतता समिती पोलिसांना मदत करते. ती पोलिसांची चौकशी करीत नाही. तिचे सदस्य बहुधा ठाण्याचा अधिकारीच निवडतो. सणापूर्वी बैठक होते, चहा होतो, सूचना होतात आणि सारे घरी जातात. त्या बैठकीत कोठडीतील मारहाणीचा विषय काढण्याचे धाडस किती जण करतील? सहकार्याने विश्वास निर्माण होतो आणि देखरेखीमुळे तो टिकतो. समाजाला दोन्ही हवीत. एकाच्या नावाखाली दुसऱ्याला बगल देता कामा नये.

कॅमेऱ्याचा डोळा

२ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाचा आदेश दिला. प्रत्येक पोलीस ठाण्याच्या प्रवेशद्वारावर, कोठडीत, मार्गिकांत, स्वागतकक्षात सीसीटीव्ही कॅमेरे असावेत आणि त्यांचे चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी जपून ठेवावे. देखरेखीसाठी जिल्हास्तरीय समिती असावी आणि तिच्यात स्थानिक स्वराज्य संस्थेचा लोकप्रतिनिधीही असावा, असे न्यायालयाने सांगितले. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये, कोठडीतील मृत्यूंच्या वृत्तानंतर, ठाण्यांत चालू स्थितीतील कॅमेरे नसल्याची दखल न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. कॅमेरा बसविणे हे कंत्राटदाराचे काम आहे. तो चालू आहे ना, हे विचारणे नागरिकांचे काम आहे.

श्रद्धेच्या प्रकाशात

पोलीस हे आपले शत्रू नव्हेत. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांतील मुलेमुली पोलीस सेवेत आहेत. लांबलेल्या पाळ्या, अपुरी घरे, रद्द झालेल्या रजा आणि राजकीय दडपण यांचा भार ते वाहतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हाती केवळ काठी असताना अतिरेक्याची बंदूक धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे याच दलातील होते. त्यांच्या स्मृतीचा मान राखायचा असेल, तर त्यांच्या गणवेशावर डाग पाडणाऱ्यांना पाठीशी घालता येणार नाही.

संत लूक सांगतात की, यार्देनेच्या तीरावर शिपायांनीही संत योहान बाप्तिस्ताला आपण काय करावे म्हणून विचारले. त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. कोणाला धाकाने लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका आणि आपल्या वेतनात समाधानी राहा, एवढेच सांगितले. दोन हजार वर्षांनंतरही पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या भिंतीवर लिहावा, असा हा उपदेश आहे.

संत पौलाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. फिलिप्पै नगरात त्याला व सीलाला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप सोडून देण्याचा निरोप धाडला. पौलाने तो मानला नाही. आम्ही रोमन नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असा आग्रह त्याने धरला आणि अधिकाऱ्यांना यावे लागले. क्षमाशील पौलाने सूडाची मागणी केली नाही, पण झालेला अन्याय झाकूही दिला नाही. क्षमा आणि उत्तरदायित्व यांत विरोध नाही, हे आपण त्याच्याकडून शिकावे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘गौदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात शारीरिक व मानसिक छळ आणि मनमानी कारावास यांची गणना मानवी प्रतिष्ठेला कलंक लावणाऱ्या कृत्यांत केली. आपल्या देशाने १९९७ साली छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षरी केली, परंतु त्याला अंतिम मंजुरी अद्याप दिलेली नाही. ख्रिस्ती नागरिक म्हणून ही उणीव आपल्याला बोचली पाहिजे.

धर्मग्रामांनी काय करावे?

रात्री उशिरा फोन वाजतो आणि पलीकडून रडवेला आवाज येतो, “फादर, पोरग्याला पोलीस घेऊन गेले.” हा अनुभव बहुतेक धर्मगुरूंच्या वाट्याला येतो. अशा वेळी आपण ओळखीचा पुढारी शोधतो. कोणाचा तरी फोन लावतो, कधी हातात पाकीटही ठेवले जाते आणि मुलगा घरी येतो. आम्हीही अशा वेळी ओळखी शोधल्या आहेत, हे प्रांजळपणे कबूल करतो. पण ज्याला ओळख नाही, त्याच्या मुलाचे काय? ओळखीने मिळते ती मेहेरबानी. हक्काने मिळतो तो न्याय.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. अटकेचे कारण सांगणे, नातेवाइकाला कळविणे, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे, हे कायद्याने बंधनकारक आहे. डी. के. बसू प्रकरणातील १९९६ च्या निकालानुसार अटकेच्या कागदावर नातेवाइकाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. ती सही करण्यास धर्मग्रामातील जाणत्यांनी पुढे यावे. न्याय व शांती मंडळाने वकील बंधुभगिनींच्या मदतीने वर्षातून एकदा तरी या विषयावर शिबिर घ्यावे. पॅरिश कौन्सिलने आपल्या ठाण्यातील कॅमेऱ्यांविषयी माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. तक्रार खरी असेल तर ती लेखी, तारीखवार, पुराव्यासह मांडावी आणि गरज पडल्यास तक्रार प्राधिकरणाकडे न्यावी. खोटी तक्रार मात्र कधीही करू नये. त्याने खऱ्या पीडिताचे दार बंद होते.

हे सारे केवळ आपल्या माणसांसाठी नव्हे. कोठडीत पडलेला कोण, कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे न विचारता त्याच्यासाठी उभे राहणे हीच आपली ओळख असली पाहिजे. आपण बंदिवासात असताना कोण भेटीस आला, हे प्रभू शेवटच्या दिवशी विचारणार आहे. त्या वेळी शेजारच्या पोलीस ठाण्यात काय चालले होते ते आम्हांला ठाऊक नव्हते, हे उत्तर पुरेसे ठरणार नाही.