‘चांगलं असतं तर दिसलं असतं’ म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या ऑफिसात दुपारच्या जेवणाच्या टेबलावर एक वाक्य महिन्यातून एकदा तरी येतंच : ‘चांगलं असेल तर लोक बघतातच.’ मराठी सिनेमाला शो का मिळत नाहीत, बायकांच्या स्टार्टअपना पैसे का मिळत नाहीत, काहीही विषय असो, गाडी या वाक्यावर येऊन थांबते. मागच्या वेळी विषय निघाला लेस्बियन दिग्दर्शिकांचा. एकाने विचारलं, ‘एक तरी नाव सांग.’ मी म्हटलं, शेरिल डुन्ये. टेबलावर कुणीच ऐकलं नव्हतं. ‘बघ,’ तो हसून म्हणाला, ‘चांगली असती तर माहीत असती.’

मी डबा बंद केला आणि जागेवर जाऊन बसले. तिथे वाद घालायला हवा होता. तो आता घालते.

शेरिल डुन्येचा जन्म १९६६चा, लायबेरियातला. वाढली अमेरिकेत, फिलाडेल्फियात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिने छोटे व्हिडिओ बनवले. त्यात ती स्वतःच कॅमेऱ्यासमोर येऊन बोलायची आणि खरं-खोटं बेमालूम मिसळायची. त्यांना गमतीने ‘डुन्येमेंटरी’ म्हणतात. मग १९९६मध्ये आला ‘द वॉटरमेलन वूमन’. कृष्णवर्णीय लेस्बियन स्त्रीने दिग्दर्शित केलेला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा म्हणून तो ओळखला जातो. बर्लिन महोत्सवात त्याला टेडी पुरस्कार मिळाला.

गोष्ट साधी आहे. शेरिल नावाची मुलगी व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात काम करते. ही भूमिका डुन्येनेच केली आहे. एका जुन्या सिनेमात तिला एक देखणी कृष्णवर्णीय नटी दिसते. श्रेयनामावलीत तिचं नाव नाही, फक्त ‘वॉटरमेलन वूमन’ असं लिहिलंय. ही बाई कोण, हे शोधायला शेरिल निघते. लायब्ररीत काही सापडत नाही. लेस्बियनांच्याच एका अभिलेखागारात खोकी आहेत, पण त्यांना ना शेंडा ना बुडखा. शेवटी नाव मिळतं : फे रिचर्ड्स. फोटो मिळतात, तिचं प्रेमप्रकरण कळतं, म्हातारपण कळतं. आणि सिनेमा संपताना डुन्ये सांगते की फे रिचर्ड्स नावाची कुणी नव्हतीच. ती आम्ही बनवली. ८०हून अधिक ‘जुने’ फोटो झोई लेनर्ड या छायाचित्रकार बाईने खास या सिनेमासाठी काढले होते.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चिडले होते. फसवलं, असं वाटलं. दुसऱ्यांदा कळलं की फसवणूक आधीच झालेली आहे, डुन्येने फक्त ती दाखवली. १९३०च्या दशकात हॉलिवुडमध्ये कृष्णवर्णीय बायका पडद्यावर होत्या, बहुतेक वेळा मोलकरणीच्या कामात, आणि कित्येकदा श्रेयाशिवाय. हॅटी मॅकडॅनियल यांना १९४०मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हासुद्धा त्यांना हॉलमध्ये वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. जिला ऑस्कर मिळालं तिची ही गत, तर बाकीच्यांची नावं कोण लिहून ठेवणार?

माझं रोजचं काम डेटाबेसचं आहे. तिथे नवख्या पोरालाही पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात : ‘नल’ आणि शून्य एक नव्हेत. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे तिथे काही नोंदच नाही. नलला शून्य समजून कोड लिहिला तर रिपोर्ट सुरळीत चालतो आणि उत्तर चुकतं. माझ्या त्या सहकाऱ्याने कोड रिव्ह्यूमध्ये ही चूक कधीच सोडली नसती. माणसांच्या बाबतीत मात्र त्याने ती हसत हसत केली.

आपल्याकडेही हेच चालतं. दीपा मेहतांच्या ‘फायर’वरून १९९८च्या डिसेंबरात मुंबईत थिएटरवर हल्ला झाला, तेव्हा ‘आपल्या संस्कृतीत असलं काही नाही’ हेच ऐकवलं गेलं. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ मराठी रंगभूमीवर येऊन तेव्हा दीड दशक उलटून गेलं होतं. नोंद होती, वाचायची नव्हती.

आता पैशाचं बोलू, कारण ‘चांगलं असेल तर दिसतंच’ हे वाक्य पैशाचा उल्लेख टाळण्यासाठीच असतं. ‘द वॉटरमेलन वूमन’चा खर्च सुमारे ३ लाख डॉलर. त्यातले ३१,५०० डॉलर ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ या सरकारी संस्थेचे, म्हणजे साधारण दहावा हिस्सा. सिनेमातल्या एका प्रणयदृश्याची वर्तमानपत्रांत चर्चा झाली आणि पीट होक्स्ट्रा या खासदाराने थेट अमेरिकी काँग्रेसमध्ये आवाज उठवला. त्या संस्थेच्या निधीतून नेमके तेवढेच ३१,५०० डॉलर कापा, अशी त्याची मागणी होती. अमेरिकेच्या बजेटमध्ये ही रक्कम म्हणजे चहा-पाण्याचा खर्च. पण निरोप स्पष्ट होता : पुढच्या वेळी असल्या बाईला पैसे देताना दहादा विचार करा.

इथे कुणीतरी म्हणेल, ‘लोकांच्या कराचे पैसे असल्या सिनेमांना कशाला?’ मग मराठी सिनेमांना सरकारी अनुदान कशाला? बाजार सगळ्यांना न्याय देत नाही हे आपल्याला पक्कं माहीत आहे म्हणून. स्वतःच्या भाषेला लावतो तो नियम दुसऱ्याच्या आयुष्याला लावताना आपल्याला अचानक बाजार आठवतो.

आणि पुढे? इतकं नाव झाल्यावर तिच्या दारात निर्माते रांग लावून उभे राहिले असतील, नाही का? २००१मध्ये एचबीओसाठी ‘स्ट्रेंजर इनसाइड’, तुरुंगातल्या बायकांची गोष्ट. २००४मध्ये मिरामॅक्सची एक विनोदी फिल्म. २०१०मध्ये ‘द आउल्स’, तो तर मित्रमैत्रिणींनी एकत्र येऊन तुटपुंज्या पैशात केलेला. २०१२मध्ये ‘मॉमी इज कमिंग’. शिवाय विद्यापीठात शिकवणं. पूर्ण लांबीचे सिनेमे मोजायला एका हाताची बोटं पुरतात. पुढे ती मालिकांचे भाग दिग्दर्शित करू लागली : ‘क्वीन शुगर’, ‘लव्हक्राफ्ट कंट्री’, ‘ब्रिजर्टन’. शेवटचं नाव ओळखीचं वाटलं ना? म्हणजे तुमच्यापैकी अनेकांनी शेरिल डुन्येचं काम पाहिलेलं असू शकतं. फक्त नाव वाचलं नसेल.

‘मग काय, चाललंय की तिचं छान!’ चाललंय. मालिकेचं काम कमी दर्जाचं असतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण तिथे गोष्ट दुसऱ्याची असते, पात्रं आधीच ठरलेली असतात. दुसऱ्याच्या महागड्या गोष्टीसाठी जिच्या हातावर विश्वास ठेवता येतो, तिच्या स्वतःच्या गोष्टीसाठी पैसे मोजताना तो विश्वास कुठे जातो? गुणवत्तेचा प्रश्न तर तिथेच निकाली निघाला.

२०२१मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘द वॉटरमेलन वूमन’ राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत घेतला. काँग्रेसमध्ये ज्याच्यावरून ओरड झाली, तो सिनेमा २५ वर्षांनी काँग्रेसच्याच ग्रंथालयाने जपण्यायोग्य ठरवला. लोक याला सुखान्त म्हणतात. मला राग येतो. जुन्या सिनेमाचा सन्मान करणं स्वस्त असतं. नव्या सिनेमाला पैसे देणं महाग असतं. आपण पहिलं करतो आणि दुसरं केल्याचं समाधान मिळवतो.

तुमच्या फोनवरची शिफारस-यंत्रणाही याच वहीवर चालते. लोकांनी आधी काय पाहिलं, त्यावरून पुढे काय दाखवायचं ते ठरतं. जे कधी दाखवलंच नाही, त्याला कुणी पाहिलं नाही. कुणी पाहिलं नाही म्हणून ते दाखवायचं नाही. असल्या यंत्रणा बनवणारी माणसं माझ्याच शाखेत शिकलेली आहेत. त्यात दुष्टपणा कुणाचाच नसतो. नलला शून्य मानलेलं असतं, एवढंच.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी हॉस्टेलवर रात्री दोन वाजता ब्राइटनेस कमी करून मी माझ्यासारखी बाई शोधत होते. मोठी झालेली, नोकरी करणारी, हसणारी, कुणीही. ती माझ्या गावात नव्हती, नात्यात नव्हती, पुस्तकात नव्हती. कितीतरी महिने मी तो शून्य आहे असंच समजत होते. मग कॅसेटच्या दुकानातली ती मुलगी भेटली. तीही शोधतच होती.

म्हणून ‘एक नाव सांग’ म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं की नावं लिहायची वही कुणाच्या हातात होती. आणि ज्यांना खरंच काही करायचंय त्यांच्यासाठी : मुंबईत २०१०पासून ‘कशिश’ महोत्सव भरतो. जा. एखाद्या मुलीची शॉर्टफिल्म आवडली तर श्रेयनामावली संपेपर्यंत बसा आणि तिचं नाव लिहून घ्या. पहिल्या फिल्मला टाळ्या सगळेच वाजवतात. दुसरीसाठी ती वर्गणी मागेल, तेव्हा द्या.