काटकसर कोठे करावी? स्वस्त गिटारचा बाजार पाहा

वाद्यसंगीत जायज की नाजायज, हा प्रश्न उलमांचा आहे. तो आम्ही त्यांच्याकडेच सोपवतो. परंतु मिरजेत कित्येक मुस्लिम घरांची चूल पिढ्यान्‌पिढ्या भोपळा आणि लाकूड यांच्या कामावर पेटत आली आहे, हे व्यापाराच्या पानाला दृष्टिआड करता येत नाही. त्या मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा वाद्यांच्या जागतिक बाजारात काय चालले आहे, हे आपल्या कारागिरांनी पाहिले पाहिजे. इलेक्ट्रिक गिटारच्या धंद्यात तर एक चमत्कारिक प्रकार चालतो. हाती थोडाफार पैसा असलेले गिऱ्हाईकसुद्धा मुद्दाम हलक्या किमतीची गिटार घेते, घरी नेते आणि हळूहळू तिचे निम्मे भाग बदलून टाकते!

हा शौक वेडेपणाचा वाटेल, पण त्याचे मूळ वाद्याच्या घडणीतच आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा मनुष्य. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, आणि आमच्या मते तेच बरे झाले, कारण त्याने वाद्याकडे दुरुस्तीवाल्याच्या नजरेने पाहिले. १९५० च्या सुमारास त्याने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तिची मान सरसाने चिकटवण्याऐवजी चार स्क्रूंनी आवळली. पुढे १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये आवाज पकडणाऱ्या तिन्ही कॉइल, म्हणजे पिकअप, आणि आवाजाची बटणे एका प्लास्टिकच्या पत्र्यावर बसवली. हाती पेचकस आणि सोल्डरिंगची कांडी असली की कोणताही भाग निघतो नि दुसरा बसतो.

सत्तरीच्या दशकात जपानी कारखान्यांनी या गिटारच्या नकला इतक्या उत्तम काढल्या की मूळ कंपनीचे धाबे दणाणले. अखेर १९८२ साली फेंडरने जपानमध्येच माल बनवून घेण्यास सुरुवात केली आणि स्वस्त मालाला ‘स्क्वायर’ हे नाव दिले. हे नाव तारा बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीचे. ती कंपनी फेंडरने १९६५ सालीच विकत घेतली होती. आज स्क्वायरचा माल चीन व इंडोनेशियातून येतो. जावा बेटावरील सुराबाया शहरात कॉर्ट या कोरियन कंपनीचा मोठा कारखाना असून तेथे अनेक नामांकित कंपन्यांच्या गिटारी बनतात.

आता खरा मुद्दा. स्वस्त गिटारमध्ये पैसा वाचवतात कोठे? खुंट्या हलक्या असतात. तारा ज्या खाचांतून जातात तो तुकडा हाडाऐवजी प्लास्टिकचा असतो. घोडीखालचा ठोकळा पोलादाऐवजी जस्ताच्या पातळ ओतकामाचा असतो. पिकअपमध्ये अल्निकोच्या चुंबकदांड्यांऐवजी लोखंडी खिळे आणि खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते. हे सर्व बदलता येते. मानेचे लाकूड मात्र कच्चे असेल, मान पिळली असेल, पडदे वेडेवाकडे ठोकले असतील, तर त्यावर कितीही खर्च केला तरी तो पाण्यात जातो. चांगल्या कारखान्याने हे ओळखले आणि मान व पडद्यांचे काम यंत्राने बिनचूक करून बाकी ठिकाणी हात आखडला. म्हणूनच त्या गिटारला सुधारण्याजोगी म्हणून मान मिळाला.

गिऱ्हाइकाचा हिशेब नेहमी बरोबर असतो असे नाही. नवे पिकअप, नव्या खुंट्या, नवी घोडी असे करता करता वरच्या दर्जाच्या गिटारएवढी रक्कम खर्च होते आणि विकायला गेल्यास त्यातली थोडीच परत मिळते. शहाणा दुकानदार त्याला आधी पडदे घासून सारखे करून देतो, खाचा नीट कापून देतो, तारांची उंची जुळवतो. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते. कंपनीनेही ही खोड हेरली. २००८ साली स्क्वायरने ‘क्लासिक वाइब’ ही मालिका काढली आणि अल्निको पिकअपसारखी सुधारणा कारखान्यातच करून वर जास्त दाम घेतला.

येथे आम्हाला धान्याच्या ढिगाची हदीस आठवते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात एका ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली, आणि ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. हलका माल विकणे हा गुन्हा नव्हे. हलकेपणा झाकणे हा गुन्हा आहे. प्लास्टिकचा तुकडा डोळ्यांना दिसतो. कच्चे लाकूड रंगाखाली दडते.

आपल्याकडे मोटार वाइंडिंग करणारी कितीतरी मुले आहेत. पिकअप म्हणजे सात-आठ हजार वेढ्यांची एक कॉइलच. तार मात्र केसासारखी, ४२ गेजची. मोटारीच्या तारेवर बसलेला हात येथे सुरुवातीला तार तोडणार, हे धरून चालावे. पण अवघड असले तरी हे काम शिकता येण्यासारखे आहे. हाडाचे काम करणाऱ्यांना खाचांचा तुकडा घासणे तर मुळीच परके नाही.

मिरजेच्या कारागिरांची गोष्ट वेगळी, कारण सतार स्क्रूंवर उभी नसते. सरसाने जोडलेली तबली मागाहून बदलणे म्हणजे निम्मे वाद्य पुन्हा बांधणे. तेव्हा विद्यार्थ्याची स्वस्त सतार करायची असेल तर नक्षी खुशाल गाळावी, खुंट्या साध्या द्याव्यात, घोडी हलकी चालेल. दांडी आणि तबली यांना मात्र पुरते मुरलेले लाकूडच लावावे. पावतीवरही तसे लिहून द्यावे : लाकूड अमुक, घोडी हलकी, पुढे बदलता येईल, जवारीची मजुरी वेगळी. तो मुलगा वर्ष-दोन वर्षांनी जवारी काढून घ्यायला त्याच पायरीवर येईल, आणि तेव्हा चांगली घोडीही घेऊन जाईल.